जुन्या डिझेल गाड्यांचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) : बदलण्याआधी काय काय तपासावे?

घाटमाथा

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची (सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून, म्हणजे 'रेल'मधून, मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी) एक एसयूव्ही आहे. ती २ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे, इंजिन अजून धूर काढत नाही आणि ती विकण्याचा माझा मुळीच विचार नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतो आहे ते त्या काळातल्या कोणत्याही कॉमन रेल गाडीत घडू शकते.

गेल्या महिन्यात चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात भर पावसात, दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत असताना गाडी एकाएकी बंद पडली. आधी धक्का नाही, आवाज नाही, फुंकर मारून दिवा मालवावा तसे इंजिन थांबले. पाच मिनिटांनी सेल्फ मारला तर लगेच चालू झाले, पण चेक लाइट तसाच पेटलेला राहिला आणि एक्सलरेटर कितीही दाबला तरी इंजिन मिनिटाला १३०० फेऱ्यांच्या वर जाईना. तशीच पहिल्या गिअरमध्ये रखडत हेळवाकपर्यंत आणली. तिथे चहा होईपर्यंत किल्ली बंद ठेवली, आणि पुन्हा चालू केल्यावर गाडी जणू काही घडलेच नाही अशी चालू लागली. त्यानंतर हाच प्रकार तीन वेळा झाला, आणि तिन्ही वेळा चढावरच. सपाट रस्त्यावर एकदाही नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा बिघाडाचे तीन कोड निघाले : पी०१९२, पी०१०७ आणि पी२१२२. मिस्त्रींनी ते पुसले, पण चार दिवसांनी घाटात पुन्हा तेच तीन आले. 'ईसीएम गेला' हे त्यांचे निदान आहे. नवा ४८ हजारांना पडेल आणि भंगारातल्या गाडीचा काढलेला १५ हजारांत मिळेल, असे ते म्हणतात. पैसे टाकण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

तारजोड

घाटमाथा साहेब, मी कोल्हापुरात २६ वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. इतक्या वर्षांत 'ईसीएम गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक गाड्या जुन्याच ईसीएमवर परत गेल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी कोड काय सांगतात ते पाहू. पी०१९२ म्हणजे रेलमधल्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल फार खाली गेला. पी०१०७ म्हणजे हवेच्या दाबाच्या सेन्सरचा सिग्नल खाली गेला. पी२१२२ म्हणजे एक्सलरेटर पेडलच्या दोन मार्गांपैकी एकाचा सिग्नल खाली गेला. तिन्ही कोड 'खाली गेला' असेच म्हणतात, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तीन सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. त्यामुळे या तिघांमध्ये सामाईक काय आहे, हे शोधावे लागते.

ईसीएम या सेन्सरांना बॅटरीचे १२ व्होल्ट देत नाही. तो आतल्या आत नेमके ५ व्होल्ट तयार करतो आणि तेच बाहेर पाठवतो. रेलमध्ये दाब नसेल तेव्हा सेन्सर त्यातले साधारण अर्धा व्होल्ट परत देतो, आणि दाब वाढेल तसा तो सिग्नल साडेचार व्होल्टच्या दिशेने चढत जातो. आता ही ५ व्होल्टची तार कुठेतरी बॉडीला टेकली, तर त्या तारेवर जगणारे सगळे सेन्सर एकदम शून्याकडे जातात. ईसीएमला वाटते की रेलमध्ये दाबच उरला नाही, आणि तो इंजिन बंद करतो. पेडलला दोन मार्ग देतात ते एवढ्याचसाठी, की एक बोलायचा थांबला तर दुसऱ्याशी ताळा करून पाहता यावा. ताळा जमला नाही की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवणे सोडतो आणि फेऱ्या ठरावीक आकड्यावर बांधून टाकतो. तुमचे १३०० हे तेच आहे.

तरीही तपासणी मुळापासूनच करावी, आणि मूळ म्हणजे बॅटरी आणि अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी). उभ्या गाडीत बॅटरीवर १२.५ च्या आसपास व्होल्ट मिळाले पाहिजेत, सेल्फ फिरत असताना ते ९.६ च्या खाली जाता कामा नयेत आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळाले पाहिजेत. मग मल्टिमीटरची एक तार इंजिनाच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबालाच लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर इंजिनाची अर्थची पट्टी कुजली आहे असे समजा. तीच परीक्षा ईसीएमच्या अर्थच्या तारेवर इंजिन चालू ठेवून करा. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको.

अर्थची तार ओहमवर मोजून 'ठीक आहे' असे कोणी सांगितले तर ते ग्राह्य धरू नका. वीस पदरांच्या तारेतला एकच पदर शिल्लक असला तरी मीटर शून्याच्या जवळचाच आकडा दाखवतो, पण सेल्फचा करंट जायची वेळ आली की तो पदर दमतो. तार कामाला लागलेली असतानाच तिची परीक्षा करावी.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) तारांना इंजिन चालू असताना हात किंवा सुई लावू नका. इंजेक्टर झटक्यात उघडावा म्हणून ईसीएम त्याला ८० व्होल्टच्या आसपासचा झटका देतो, आणि तो झटका तुमच्यासाठीही वाईट आणि ईसीएमसाठीही.

दहाचाकी

तारजोड भाऊंनी छान समजावून सांगितले आहे. मी ट्रकवाला आहे, म्हणून ईसीएम खरोखर कसा मारला जातो ते सांगतो, कारण आमच्याकडे तो आपल्याच हातांनी मारला जातो.

माझ्या बीएस-४ (धुराच्या सरकारी मानकाचा चौथा टप्पा) टिपरच्या चॅसिसला तडा गेला होता. रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गाडी लावली. त्याने बॅटरी काढली नाही आणि वेल्डिंगचा अर्थचा चिमटा तड्याजवळ न लावता पार मागच्या बाजूला लावला. काम झाले, पैसे दिले, सेल्फ मारला तर इंजिन फिरते पण पकडत नाही, आणि स्कॅनर ईसीएमशी बोलेचना. वेल्डिंगचा करंट परतीच्या वाटेवर ईसीएमच्या अर्थमधून गेला होता. त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही गाडीला वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढतो, ईसीएमचे कपलर (तारांचे प्लग) काढतो आणि चिमटा जिथे काम आहे तिथून वीतभर अंतरावरच लावायला सांगतो.

दुसरी सवय जुन्या मिस्त्रींची आहे. अल्टरनेटर चार्ज करतो का ते पाहायला चालू इंजिनावर बॅटरीचा खांब काढायचा, आणि इंजिन चालत राहिले तर अल्टरनेटर चांगला असे समजायचे. यांत्रिक पंपाच्या गाडीला त्याने फारसे बिघडत नसे, कारण तिथे बिघडायला बल्बांशिवाय काही नव्हतेच. पण बॅटरी ही या सगळ्या यंत्रणेची उशी असते. ती अचानक काढली की अल्टरनेटरचा करंट जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळते. १२ व्होल्टच्या गाडीत ते ८० च्या पुढे आणि आमच्या २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दीडशेच्याही पुढे जाऊ शकते. ईसीएममध्ये त्यासाठी संरक्षण दिलेले असते, पण ते रोज परीक्षा पाहण्यासाठी दिलेले नाही.

मिशिगनकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षे डेट्रॉइटजवळ राहतो. इथे जुने पिकअप ट्रक जपणाऱ्यांची मोठी जमात आहे आणि मीही त्यातलाच आहे. घाटमाथा यांचे तीन कोड वाचून मला इकडच्या जुन्या ट्रकांची आठवण झाली, कारण तर्क अगदी तोच आहे.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या हलक्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून ठरावीक कोडमध्ये सांगण्याची पद्धत) सक्तीचे झाले. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा निराळी होती. जनरल मोटर्सच्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या पेट्रोल ट्रकांमध्ये डॅशबोर्डखाली १२ खाचांचे एक सॉकेट असते. त्यातल्या ए आणि बी या दोन खाचा तारेच्या तुकड्याने जोडून इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. आधी एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२. हा कोड तीन वेळा येतो आणि त्याचा अर्थ इतकाच की संगणक शुद्धीवर आहे. मग साठवलेले कोड येतात. २२ म्हणजे थ्रॉटलच्या सेन्सरचा सिग्नल खाली, ३४ म्हणजे हवेच्या दाबाच्या सेन्सरचा सिग्नल खाली. हे दोन एकत्र दिसले की सेन्सर विकत घ्यायला धावायचे नसते, ५ व्होल्टची सामाईक तार शोधायची असते. तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोल ट्रकचे आणि तुमच्या डिझेल एसयूव्हीचे दुखणे एकाच घराण्यातले दिसते.

भारताबाबत एक मुद्दा जोडतो. तिकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. तुमची गाडी २००८ ची, म्हणजे त्याआधीची. तिच्यात १६ खाचांचे सॉकेट असले तरी बाजारातले स्वस्त ब्लूटूथ यंत्र तिच्याशी बोलेलच असे नाही. स्वस्त यंत्र जोडले गेले नाही, एवढ्यावरून कोणी 'ईसीएम मेला' म्हणाले तर त्यावर विसंबू नका.

रानवाट

नाशिकमध्ये माझे ईसीएम दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. म्हणजे 'ईसीएम गेला' या निदानावर माझे पोट चालते, तरीही घाटमाथा दादांना मी थांबायलाच सांगेन.

ईसीएम खरोखर बिघडतात. १९९० च्या दशकातल्या काही जपानी एसयूव्हींच्या ईसीएममध्ये कपॅसिटरमधला द्रव पाझरून खालच्या सर्किटच्या पट्टीवरचे तांबे खाऊन टाकतो. झाकण उघडताच मासळीसारखा उग्र वास येतो आणि मग फारसे शोधावेच लागत नाही. डिझेल गाड्यांत पाणी कपलरमधून शिरते, किंवा इंजेक्टरची तार शॉर्ट झाल्यामुळे त्याला चालवणारा भाग जळतो. पण माझ्या टेबलावरचा अनुभव असा आहे की मेलेला ईसीएम मेलेलाच राहतो. चढावर मरतो आणि हेळवाकला चहा होईपर्यंत जिवंत होतो, असे वागणे बहुधा बाहेरच्या तारांचे असते. आतला डाखाचा टाका फुटलेला असेल तर तोही अधूनमधून दगा देतो हे खरे आहे, पण त्याला चढ आणि सपाटी सहसा कळत नाही. तो गरम-थंड होण्यावर चालतो.

जुना ईसीएम आणून बसवण्याबद्दलही बोलले पाहिजे. १५ हजारांचा तो डबा आणून लावला की गाडी सुरू होईल अशी समजूत असते. तुमच्या किल्लीतली चिप इमोबिलायझरशी (चोरी रोखण्यासाठी परक्या किल्लीने इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेशी) बांधलेली असते आणि इमोबिलायझर ईसीएमशी. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची किल्ली ओळखत नाही, त्यामुळे जुळणी करून घ्यावी लागते आणि ती प्रत्येक गॅरेजमध्ये होत नाही. शिवाय अनेक कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक संकेतांक छापलेला असतो. कारखान्यात तो इंजेक्टर किती डिझेल सोडतो हे मोजून तो ठरवलेला असतो, आणि ईसीएम त्यावरून प्रत्येक सिलिंडरचा हिशेब जुळवतो. दुसऱ्याचा ईसीएम लावला की दुसऱ्याच्या इंजेक्टरांचे हिशेब तुमच्या इंजिनावर चालू लागतात. इंजिन चालते, पण खडखडते, आणि मग लोक चांगली नोझले बदलत बसतात. आमच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल किती बारकाईने मोजले जातात हे इथली माणसे जाणतात. तो बारकावा एका चुकीच्या डब्याने वाया जाऊ नये असे मनापासून वाटते.

घाटमाथा

सर्वांचे आभार. रविवारी शेजारच्या मुलाला मदतीला घेऊन तारजोड भाऊंच्या सांगण्याप्रमाणे मोजमाप केले.

बॅटरी उभ्या गाडीत १२.५, सेल्फ फिरताना १०.४, इंजिन चालू असताना १४.१. ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये सेल्फच्या वेळी ०.१८. ईसीएमच्या अर्थवर ०.०४. रेलच्या सेन्सरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने शिवणकामाची सुई सरकवून ५ व्होल्टची तार मोजली, ती ५.०१ निघाली. म्हणजे सगळे आकडे निर्दोष आहेत. हे पाहून मिस्त्रींचे म्हणणेच खरे की काय, असे वाटू लागले आहे.

तारजोड

हे आकडे उभ्या गाडीतले आहेत, आणि तुमची गाडी उभी असताना बिघडतच नाही. चढावर आणि सपाटीवर काय बदलते याचा विचार करा. चढावर इंजिन जोर लावते, आणि जोर लावताना ते आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलते. २ लाख ४० हजार किलोमीटरनंतर ती रबरे बसलेली असणारच. इंजिन कलले की त्याच्याबरोबर वायरिंगचा जुडगा ओढला जातो.

असे करा. मीटर त्याच ५ व्होल्टच्या तारेवर ठेवा आणि इंजिन चालू करा. लाकडी काठीने जुडगा जागोजागी हलका दाबत जा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात, बाही, काठी सगळे दूर ठेवा. त्याने काही कळले नाही तर अनुभवी माणसाला गाडीत बसवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला सांगा. मग रिव्हर्समध्ये तसेच करा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभे राहा. पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नका. इंजिन एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलताना दिसेल. नजर मीटरवरून हलवू नका.

घाटमाथा

सापडले!

काठीने दाबून काही झाले नाही. मग माझ्या चुलतभावाला, जो बारा वर्षे एसटी चालवतो, गाडीत बसवले. त्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला, इंजिन माझ्या बाजूला कलले आणि मीटर ५.०१ वरून एकदम ०.७ वर आला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडले. पुन्हा चालू करून पुन्हा तसेच केले, पुन्हा ०.७. रिव्हर्समध्ये मात्र आकडा ढिम्म हलला नाही.

मग जुडगा धरून मागे गेलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, बल्कहेडजवळ (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ), जुडगा ज्या लोखंडी पट्टीवर क्लिपने अडकवलेला असायला हवा होता ती क्लिप जागेवर नव्हतीच. तुटून कधी पडली कोणास ठाऊक. काळी चुण्यांची नळी बाहेरून धड दिसत होती, पण बोट फिरवले तेव्हा खालच्या बाजूला खरखरीत लागले. नळी उलगडली तर आतली चिकटपट्टी पट्टीच्या धारेने कापत गेलेली होती आणि एका बारीक तारेचे वेष्टण तांदळाच्या दाण्याएवढे घासून उडाले होते. आत तांबे चकाकत होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, कल्हई उडालेल्या पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. लोखंडी पट्टीच्या कडेवर बरोबर त्याच उंचीला रंग उडून एक काळा ठिपका पडला होता. पावसाळ्यातच त्रास का वाढला, तेही तेव्हा लक्षात आले. तिथे ओल साचत होती.

तारजोड

फार चांगले झाले. आता जोड पक्का करा. हिरवा झालेला भाग कापून टाका, कारण कळंक वेष्टणाच्या आत तारेला धरून पुढे सरकतो. स्वच्छ, पिवळे-तांबूस तांबे दिसेपर्यंत मागे जा, आणि लांबी कमी पडली तर त्याच जाडीच्या तारेचा तुकडा जोडा. डाख द्या आणि आतून गोंद असलेली आकसणारी नळी गरम करून चढवा. नुसती पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळू नका, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच याल. शेजारच्या तारा उजेडात एकेक करून पाहा. एक घासली आहे तर दुसरीचीही सुरुवात झालेली असेल.

दहाचाकी

आणि माउंटिंग विसरू नका. ते तसेच ठेवले तर जुडगा उद्या दुसऱ्या जागी घासेल.

रानवाट

दादा, काम झाल्यावर तिन्ही कोड पुसून घ्या, आणि आठवड्याने पुन्हा स्कॅनर लावून यादी रिकामी आहे ना ते पाहा. इतक्या वेळा शॉर्ट होऊनही ५ व्होल्ट पुन्हा ५.०१ वर येतात, म्हणजे तुमच्या ईसीएमने स्वतःला व्यवस्थित वाचवले आहे. तो त्याच्या जागेवरून काढूही नका.

घाटमाथा

शेजारच्या दोन तारांपैकी एकीचे वेष्टण अर्धे घासलेले निघाले, म्हणून तिलाही नळी चढवली. दोन्ही बाजूंची इंजिन माउंटिंग बदलली. जुन्यांपैकी डाव्या बाजूचे रबर लोखंडापासून सुटून आले होते. जुडगा आता पट्टीपासून दोन बोटे दूर, नव्या क्लिपने बांधला आहे, आणि पट्टीच्या धारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे. मिस्त्रींना ती कापलेली तार नेऊन दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरून पाहिली आणि मीटर कुठे लावला होता ते विचारून घेतले.

काल पाऊस असताना मुद्दाम कुंभार्ली घाट चढलो. चुलतभाऊ गाडी चालवत होता. सुईची तार खिडकीतून आत घेऊन मी मीटर मांडीवर ठेवून बसलो होतो. पोफळीपासून माथ्यापर्यंत आकडा ५.०० आणि ५.०१ यांच्यामध्येच राहिला.